शेऱ्याची चौकट

गौरवीची एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीचे पेड प्राजक्ताच्या बोटांत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली.

लाटंबार्शात सकाळी साडेआठला कोणी दारावर थाप मारत नाही. ओळखीचं माणूस फाटकापासूनच हाक घालतं आणि हाकेच्या पाठोपाठ आत येतं. थाप मारतो तो वीजखात्याचा, नाहीतर पंचायतीचा. स्वयंपाकघरात आदोळीवर, विळीवर, मासळी कापत बसलेल्या प्रभावतीबाईंनी, प्राजक्ताच्या सासूबाईंनी, मान न वळवताच विचारलं, "कोण गो तो?"

"बघते, आई."

नऊला गौरवीचा वर्ग मोबाईलवर भरायचा होता. लहान मुलांच्या शाळा अजून उघडल्या नव्हत्या. नऊलाच प्राजक्ताची पहिली मीटिंग. लॅपटॉप जनेलाजवळच्या, खिडकीखालच्या शिवणयंत्रावर उघडून ठेवला होता, कारण घरात लॅपटॉपला पुरेल एवढं नेट यायचं ते तेवढ्या एका कोपऱ्यात. रुद्रेश, तिचा नवरा, टेंपो घेऊन कधीच बाहेर पडला होता. तुळशीच्या लग्नातला ऊस वृंदावनाला टेकून वाळत उभा होता. काल होता तसाच आजचा दिवस. एका हातात रबरबँड तसाच धरून तिनं कडी काढली.

दारात पासष्टीचा एक गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हनुवटीखाली ओढलेला मास्क, हातात कापडी पिशवी. त्याला ओळखायला प्राजक्ताला क्षणभर लागला. या माणसाला तिनं आजवर त्याच्या घराच्या बलकांवाबाहेर, पुढच्या ओसरीबाहेर, कधी पाहिलंच नव्हतं. तिथल्या दगडी सोप्यावर बसून तो पेपर वाचायचा आणि पाहुणे आले की अर्धा उठायचा.

"कृष्णनाथकाका, तुम्ही?"

"पयल्या बसीन सुटलों," तो म्हणाला. मोरजीहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून ही तिसरी बस. घर कसं सापडलं ते तिनं विचारायच्या आधीच त्यानं अंगणाकडे बोट केलं. ताडपत्रीखाली रुद्रेशचा ट्रक उभा होता. खाणी बंद झाल्या तेव्हापासून तो तिथंच होता, चाकांभोवती गवत वाढलं होतं, आणि कोंबड्या त्याच्या सावलीत अंडी घालत होत्या. अंगणात ट्रक उभा असलेलं घर कुठलं, असं विचारत विचारत तो आला होता.

तिनं त्याला आत घेतलं, बसायला कदेल पुढे केली, पाणी दिलं. त्यानं पिशवीतून एक नारळ आणि कागदात बांधलेली सुकी सुंगटं, कोळंबी, काढून मेजावर ठेवली. काही काम घेऊन कुणाच्या घरी जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्या भागाची रीत. नारळ पाहून प्रभावतीबाई समजल्या, की पाहुणा सुखदुःख विचारायला आलेला नाही, त्याचं काहीतरी अडलंय. त्या हात धुऊन चहाला लागल्या.

आणि प्राजक्ता, घरी आलेल्या माणसाला कुणीही विचारेल तेच बोलून गेली, "काकींना नाही आणलंत? त्यांना तर किती दिवसांपासून यायचं होतं इकडे."

कृष्णनाथनं ग्लास खाली ठेवला. तो ग्लास नीट मेजाच्या मध्यावर बसेपर्यंत त्याचं लक्ष तिकडेच होतं.

"सुलोचना गेली गो बाय. मे महिन्यांत."

आता नोव्हेंबरची एकोणतीस तारीख होती.

*

प्राजक्ता काय काम करते हे लाटंबार्शात कुणालाच धड सांगता येत नसे. तिच्या ओळखपत्रावर 'कस्टमर सक्सेस मॅनेजर' लिहिलेलं होतं. शेजारच्या महादेवनं एकदा ते हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि विचारलं, "यश कोणाचें गो हें? तुझें, का त्यांचें?" तेव्हापासून तो तिला यशोदा म्हणायचा. प्रभावतीबाईंना कुणी विचारलं तर त्या सांगत, ती फोनवर लोकांची समजूत काढते. खरं म्हणजे त्या सगळ्यांत जवळ पोचल्या होत्या.

सांखळीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाल्यावर ती म्हापशाच्या एका छोट्या कंपनीत लागली. गेस्ट हाऊसवाल्यांसाठी त्या लोकांनी एक प्रोग्राम बनवला होता. कुठली खोली कधी रिकामी, पाहुणा कोण, कुठला, कधी आला, कधी गेला, हे सगळं त्यात लिहायचं. मालकांना तो शिकवायला प्राजक्ता स्कूटर घेऊन किनारा पालथा घालायची. मांद्रे, हरमल, मोरजी. बलकांवात बसून, मालकिणीच्या हातावर हात ठेवून माऊस फिरवायला शिकवायची. तेव्हा तिच्या कामाला नाव नव्हतं. लोक म्हणत, कॉम्प्युटरवाली आली.

पुढे पुण्याच्या मोठ्या कंपनीनं म्हापशाची कंपनी घेतली आणि कामाला नाव आलं. स्कूटर गेली, लॅपटॉपचा पडदा आला. तिच्याकडे चार राज्यांतली सातशे खाती झाली, आणि प्रत्येक नावापुढे एक रंग. तो रंग मशीन ठरवायचं. कोण प्रोग्राम रोज उघडतो, कोण विसरला, कोणाची तक्रार जास्त, त्यावरून लाल, पिवळा, हिरवा. लाल म्हणजे हा माणूस सोडून जाणार, त्याला रोज फोन. पिवळ्याला आठवड्यानं. हिरव्याला हात लावायचा नाही, सणासुदीला दोन ओळींच्या शुभेच्छा पाठवायच्या की झालं. हिरव्यावर वेळ घालवणं म्हणजे चांगल्या माणसाला औषध पाजणं, असं तिचा साहेब योगेश म्हणायचा. तो पुण्यात बसे, तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता आणि तिला अहोजाहो करायचा.

महामारीची दोन वर्षं सगळा पडदा लाल झाला होता. दिवसभर ती फोन करायची. कुणाच्या खोल्यांत कोंबड्या ठेवल्या होत्या, कुणी स्वागतकक्षात भाजी मांडली होती, कुणी नुसताच फोन कानाला लावून गप्प राहायचा. त्यांना धीर द्यायचा, आणि धीर देता देता खातं चालू ठेवा म्हणायचं. पहिल्या पहिल्यांदा फोन ठेवल्यावर ती विहिरीवर जाऊन तोंड धुऊन यायची. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि तीच वाईट.

त्या लाल पडद्यात मोरजीचं एक खातं मात्र कायम हिरवं होतं. रोज पहाटे साडेपाचला उघडायचं, वीस-पंचवीस मिनिटं चालू राहायचं. मे महिन्यात पडला तो थोडा खंड सोडला, तर एक दिवसही चुकला नाही. कृष्णनाथ आणि सुलोचना परबांच्या घरामागच्या चार खोल्या. प्राजक्तानं या खात्याची चिंता सोडूनच दिली होती. उलट एका मीटिंगमध्ये तिनं ते नमुन्यादाखल दाखवलं होतं, की बघा, असल्या काळातही रोज वापर. योगेशनं टाळीचं चित्र पाठवलं होतं.

*

"मे महिन्यात," ती पुन्हा म्हणाली. आणि मग तिला गणपतीची चवथ आठवली.

चवथीला तिनं शंभरावर हिरव्या खात्यांना शुभेच्छा पाठवल्या होत्या. बाकीच्यांना मशीनचा मजकूर गेला. सुलोचनाकाकींना तसला कोरडा मजकूर कसा पाठवायचा, म्हणून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'काकी, यंदा नेवऱ्या किती? माझ्या वाटणीच्या राखून ठेवा.' चार दिवसांनी उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले होते. तिला वाटलं होतं, गडबडीत असतील.

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर गोडाचं तळण कढईत पडत नाही. चवथीला त्या घराला कुणी शुभेच्छा देत नाही. शेजारची बाई नेवऱ्यांचं, करंज्यांचं, ताट झाकून आणते, न बोलता ओट्यावर ठेवते आणि रिकामं ताट मागायलाही दुसऱ्या दिवशी येत नाही. हे प्राजक्ताला कुणी शिकवायला नको होतं, ती त्यातच वाढली होती. शिवाय माणूस गेलं की आधी जाऊन बसायचं असतं. ती गेली नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं कारण तिनं विचारलं नव्हतं. खातं हिरवं होतं.

चहा आला. प्रभावतीबाईंनी कप ठेवला आणि पाहुण्याच्या तोंडाकडे एकदा, सुनेच्या तोंडाकडे एकदा पाहून गौरवीला मोबाईलसकट आतल्या खोलीत नेलं.

"काका," प्राजक्ता म्हणाली, "चवथीला मी तुम्हाला जे लिहिलं..."

त्यानं हात वर केला. पण ती थांबली नाही. आपण काय लिहिलं ते तिनं शब्दन् शब्द सांगितलं, आणि चुकलं म्हणाली.

त्यानं बशीत चहा ओतून निववला. मग म्हणाला, "त्या चवथीला तेवढा एकच मेसेज आला. बाकी सगळ्यांक खबर होती, म्हणून कोणीच पाठवलो ना. तुझा वाचला आणि वाटलं, कुणाच्या तरी लेखी ती अजून नेवऱ्यो तळता." बशी तोंडाला लावून त्यानं ती रिकामी केली. "मी चार दिस उत्तर दिलेंच ना, तें त्यासाठी. दिलें म्हणजे संपलें."

*

तो ज्यासाठी आला होता ते मग हळूहळू बाहेर पडलं. पंधरा दिवसांपूर्वी कंपनीचं इंग्रजी पत्र त्याच्या मोबाईलवर आलं होतं. मुलगा शिवदास जहाजावर कामाला. ते त्याला पाठवून कृष्णनाथनं अर्थ विचारून घेतला. पाच खोल्यांखालच्या खात्यांची योजना नोव्हेंबरच्या तीस तारखेला बंद होत आहे, त्यानंतर त्यातली माहिती पुसण्यात येईल. मुलानं कळवलं, बाबा, बरंच झालं, गिऱ्हाईक नाही काही नाही, कशाला हवं ते. पत्राखालच्या नंबरवर कृष्णनाथनं फोन केला तर एक बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. तो दाबत राहिला. सहा दिवस. मग त्याच्या लक्षात आलं की ती बाई नाहीच.

प्राजक्ताला ते पत्र माहीत होतं. त्यावर काय बोलायचं याचा कागदही तिच्याकडे आला होता. बंद होत आहे असं म्हणायचं नाही, नवीन व्यवस्था येत आहे म्हणायचं. पण तो कागद लाल-पिवळ्यांसाठी होता. हिरव्यांना फोन करायचे नव्हते. ते नुसत्या पत्रावरच नव्या योजनेत जातील, असा वरचा हिशेब.

"पण काका, पाहुणे तर नाहीत तुमच्याकडे. विमानं बंद झाल्यापासून नाहीत. मग रोज सकाळी काय उघडता?"

तो जरा शरमला. पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाला, "तिचें वाचतां."

प्रत्येक पाहुण्याच्या पानावर खाली एक चौकट असते, शेऱ्याची. पाहुण्याला उशी जास्त लागते, चहात दूध नको, असलं लिहायला. सुलोचनाला हे शिकवताना प्राजक्तानं सांगितलं होतं, काकी, पाहुण्याबद्दल जे ध्यानात राहील ते इथं लिहायचं, म्हणजे पुन्हा आला की उपयोगी पडतं. सुलोचनानं विचारलं होतं, कुठल्या भाषेत? गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या सत्त्याऐंशी साली तिचं लग्न झालं. तोवर सातवीपर्यंत मराठी शाळा. प्राजक्ता म्हणाली होती, तुम्हाला येईल त्या. सुलोचनानं ते मनावर घेतलं होतं. मराठीत लिहायची, आणि राग आला की कोंकणीत.

ती गेल्यावर बाराव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. तेराव्या दिवशी पहाटे दिवा लावून कृष्णनाथ तिच्या मेजाशी बसला, पाहुणे नसतानाही ती रोज उघडायची तसा, बिलं बघायची म्हणून कॉम्प्युटर उघडला, आणि एका पानाखाली त्याला तिचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या पानाखालीही. तेव्हापासून दिवा लावला की पाच पानं. पाचाच्या वर नाही. अगदी पहिल्या पाहुण्यापासून, क्रमानं.

"एकदम वाचलें तर संपतलें," तो म्हणाला. "आतां दोन हजार सतराच्या फेब्रुवारीपर्यंत पावलों. फुडलें म्हाका खबर ना."

तुझं घरही त्यातच मिळालं, असं तो म्हणाला.

प्राजक्तानं लॅपटॉप पुढे ओढला. नऊची मीटिंग तोवर सुरू होऊन अर्धी झाली होती. ती तिनं बंद केली. मोरजीचं खातं उघडलं, आणि स्वतःचं नाव घालून शोधलं. २०१६ च्या मे महिन्यात, शिकवता शिकवता संध्याकाळ झाली आणि स्कूटर सुरू होईना, तेव्हा काकींनी तिला एक रात्र ठेवून घेतलं होतं. त्या रात्रीचं पान होतं. पैशांच्या जागी शून्य. खाली शेरा:

'कॉम्प्युटरवाली प्राजक्ता. घर लाटंबार्से, शाळेच्या मागे, अंगणात ट्रक. सासू आहे, बरी आहे. बांगडा बाजूला सारला, दोनदा उठून बाहेर गेली. पोटुशी असावी, तिला अजून ठाऊक नाही. आपण सांगू नये, पहिली खबर आपल्या माणसाकडे जावी. जूनमध्ये काहीतरी निमित्त काढून फोन करावा.'

जूनमध्ये फोन आला होता खरा. बिल छापलं जात नाही म्हणून. प्राजक्तानं अर्धा तास ते फोनवरून दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, आणि जाता जाता सांगितलं होतं, काकी, मला दिवस गेलेत. काकींना मोठं नवल वाटलं होतं. बिलाला काही झालेलं नव्हतं, हे तिला आज साडेपाच वर्षांनी कळत होतं.

आतल्या खोलीतून गौरवीच्या वर्गातली कविता ऐकू येत होती. सातशे खात्यांत बसून आपण जे करतो असं आपल्याला वाटत होतं, ते ही बाई चार खोल्यांत बसून खरोखर करत होती.

*

माहिती उतरवून घ्यायची सोय प्रोग्राममध्ये होती. प्राजक्तानं ती करून पाहिली, उत्तर ठाऊक असूनही. नावं आली, तारखा आल्या, पारपत्रांचे नंबर आले. शेऱ्याची चौकट यादीत येत नव्हती. बनवणाऱ्याला ती कधी कामाची वाटली नव्हती.

म्हणजे एकेक पान उघडून लिहून घ्यायचं. कृष्णनाथनं न वाचलेली आठशे चौदा पानं होती. लाटंबार्शाचं नेट एक पान उघडायला कधी मिनिट घेई, कधी तीन, कधी फिरत राहून मिटून जाई. फोटो काढले तरी पान उघडायचा वेळ तेवढाच.

तिनं गौरवीची एक कोरी दुरेघी वही घेतली आणि लिहायला बसली. कृष्णनाथ उठला. आपली कदेल त्यानं उचलून फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून, अंगणातल्या ट्रककडे तोंड करून बसला.

"काका, इकडे बसा की. दिसत नाही तुम्हाला."

"नाका. माझी पाळी येंवची आसा अजून."

मग दुपारपर्यंत ती लिहीत राहिली आणि तो ट्रककडे बघत राहिला. 'मॉस्कोची बाई, एकटी. पाव आवडत नाही, पेज आवडली. रडते. विचारू नये, चहा पाठवावा.' 'पुण्याचं जोडपं. तो बोलतो, ती ऐकते. ती कधी एकटी आली तर समुद्राकडची खोली द्यावी.' 'कासवं बघायला आलेला मुलगा. तीन रात्री किनाऱ्यावर बसला, कासव आलं नाही. आपणच बोलावलं आणि ते आलं नाही असं वाईट वाटलं.' एका पानावर नळ उघडा टाकून गेलेल्या माणसाला कोंकणीत अशी काही शिवी होती की प्राजक्तानं ती वहीत लिहिताना दाराकडे पाहिलं. आणि एका ठिकाणी तिला हसू आवरेना. 'ह्यांनी आज पाहुण्याला मासे ताजे म्हणून सांगितलं. कालचे होते. पाहुण्यानं ओळखलं, तो चांगला माणूस, गप्प राहिला. ह्यांना मी पण ओळखलं नाही असं वाटतं.'

तिच्या हसण्यावर त्याची पाठ किंचित ताठ झाली.

"माझ्याविशीं आसा?"

"सांगू?"

"नाका," तो घाईनं म्हणाला. आणि जरा वेळानं, "बरें आसा मूं पण?"

"बरंच आहे, काका."

प्रभावतीबाईंनी त्याला जेवायला बसवलं. जेवताना त्या दोघांनी प्राजक्ताला न कळणारी जुनी नाती शोधून काढली, पेडण्याची कुणाची तरी मावशी डिचोलीत कुणाला दिलेली. सुलोचनाचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त ताटात दुसऱ्यांदा भात वाढताना प्रभावतीबाईंनी, तिला शेवटचं कुणी पाहिलं, एवढं विचारलं. कुणीच नाही, असं तो म्हणाला. तिला इस्पितळाच्या गाडीत घातली तेव्हा तिनं हात केला, तेवढाच. पुढे इस्पितळातल्या लोकांनी प्लास्टिकात बांधूनच दिली. प्रभावतीबाईंनी आमटीचं भांडं त्याच्या जवळ सरकवलं.

अडीचच्या बसला तो निघाला. तोवर एकसष्ट पानं झाली होती. सांगायचं ते प्राजक्तानं सांगितलं, काही हातचं राखून ठेवलं नाही. उद्या संध्याकाळी खातं बंद होणार. एवढ्यात सगळं उतरून होणार नाही. वरच्यांना सांगून बघते, पण माझ्या शब्दाला तिथं किती वजन आहे ते मला माहीत आहे. आज तीनला साहेबाचा फोन आहे, तेव्हा विचारीन.

"तूं विचारतलें म्हटल्यार जालें," तो म्हणाला. एवढ्याशा शब्दावर त्याचा चेहरा सैल झाला, आणि तेच तिला बघवेना. फाटकापाशी तो थांबला. घरी जाऊन आजची पाच वाचू की राखून ठेवू, असं त्यानं विचारलं. पहाटे दिवा लावल्यावर त्यानं वाचली नव्हती. बस चुकेल म्हणून निघाला होता.

"वाचा, काका," ती म्हणाली. "आज वाचाच."

*

तीनला योगेशचा फोन आला. त्याचा कॅमेरा बंद होता. तिनं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. मोरजीचं खातं, अपवाद म्हणून, माझ्या जबाबदारीवर. पण आधी तो बोलला, आणि कागदावरचं वाचतोय हे दुसऱ्याच वाक्याला कळलं. तो कागद कसा असतो हे तिला ठाऊक होतं, तसले तिनं स्वतः शेकड्यांनी वाचले होते. छोटी खाती बंद होत असल्यामुळे ती सांभाळणाऱ्यांची गरज राहत नाही. कंपनी त्यांची ऋणी आहे. आज संध्याकाळी सहाला प्रोग्राममधला त्यांचा प्रवेश बंद होईल. लॅपटॉप न्यायला माणूस येईल. त्यांच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

जनेलातून ट्रक दिसत होता. तो आला तेव्हा महादेवनं त्याला हार घातला होता. थांबला तेव्हा सगळे म्हणाले होते, चार महिन्यांत सुरू होईल. घर त्यानंतर या शिवणयंत्रावरच्या लॅपटॉपवर चाललं होतं. रुद्रेशला संध्याकाळी कसं सांगायचं, हे तिच्या मनात येऊन गेलं. स्वयंपाकघराच्या दारात प्रभावतीबाई ओल्या हातांनी उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण सुनेच्या मानेवरून त्यांना कळलं होतं.

सहाला तीन तास उरले होते. तीन तासांत पन्नास पानं, फार तर साठ.

योगेशचा कागद संपला असावा. त्याचा आवाज जरा माणसासारखा झाला आणि तो मराठीत आला. "मॅडम, मला खरंच वाईट वाटतंय. माझ्याही हातात काही नव्हतं. तुम्हाला शिफारसीचं पत्र चांगलं देईन मी. आणखी काही असेल तर सांगा. काहीही. तुमच्यासाठी एवढं तरी मला करता येईल."

प्राजक्तानं वहीचं पान बोटानं सपाट केलं.

"मोरजीचं परबांचं खातं उद्या बंद होणार आहे," ती म्हणाली. "ते आठ दिवस चालू ठेवा. मी त्यांच्या घरी जाऊन बसेन. त्यांच्या बायकोनं लिहिलेलं मला वहीत उतरवून घ्यायचं आहे."